पटावरचा भिडू

मंडळी, पावसाळा सुरू झाला की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरचे जीवन जरा थबकते. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. जून-जुलैत मासेमारीला सरकारी बंदी असते, त्यामुळे एरवी समुद्रावर असणारी कर्ती माणसे घरात दिसू लागतात. कोणी जाळे दुरुस्त करीत बसतो, कोणी वाडीतले काम उरकतो. पण संततधार लागली की तेही थांबते. मग ओटीवर एखादा पट मांडला जातो. कुठे सापशिडी, कुठे ल्यूडो, कुठे व्यापार, तर एखाद्या घरी खडूने आखलेली चौकट आणि फोडलेले चिंचोके. आजी, नातू, सून, शेजारचा पोरगा अशी चार तऱ्हेची माणसे एका चौकोनाभोवती बसतात. हे अर्नाळ्यालाच घडते असे नाही. कोकणात, देशावर, विदर्भात, जिथे जिथे पाऊस माणसाला घरात बसवतो, तिथे तिथे पट निघतोच.

तुम्ही म्हणाल, पोरासोरांच्या खेळावर इतिहासाच्या मास्तराने काय सांगायचे? तर त्याचे असे आहे. जुने नाणे सापडले म्हणजे आपण त्यावरून राजा कोण ते ओळखतो. शिलालेख सापडला म्हणजे कोणी काय बांधले ते कळते. अर्नाळ्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर देवनागरी लेख आहे. पोर्तुगीजांकडून हे बेट १७३७ साली मराठ्यांनी घेतले आणि पहिल्या बाजीरावांच्या काळात किल्ला नव्याने उभा राहिला, ही हकीकत त्या दगडाशी जोडलेली आहे. खेळाचा पटही असाच एक लेख आहे. फक्त तो वाचायची रीत वेगळी. कोणताही पट समोर आला की त्याला दोन प्रश्न विचारायचे. पहिला, इथे जिंकणे म्हणजे काय? आणि दुसरा, इथे माझा भिडू कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे शतकाशतकाला बदलत गेली आहेत, आणि त्या बदलात आपल्या समाजाचा बराच इतिहास दडलेला आहे.

आधी आपली भाषाच पाहा. पट कपाटात गेला तरी त्याचे शब्द आपल्या जिभेवर राहिले आहेत. चोराने "पोबारा केला" असे आपण म्हणतो; हा पोबारा म्हणजे मुळात फाशांचे एक दान, पौ आणि बारा. एखाद्याचे "फासे उलटे पडतात", एखादा "डाव साधतो", निवडणुकीत एक पुढारी दुसऱ्याला "शह देतो" आणि दुसरा "काटशह" देतो. यांतले शह आणि मात हे बुद्धिबळाबरोबर फारसीतून आले. भाव पडला की आपण माल "कवडीमोल" गेला म्हणतो. ही कवडी एके काळी चलन होती आणि पटावरचे दानही होती. ती येई मालदीव बेटांवरून, गलबतांत भरून, समुद्रमार्गे. बाजारात पैसा आणि ओटीवर फासा अशी दोन्ही कामे एकच कवडी करीत होती, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

पटाचा आणि पैशाचा संबंध फार जुना. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यात फाशांनी नागवलेल्या माणसाचा विलाप आहे. ते फासे म्हणजे बेहड्याची फळे. महाभारतातला द्यूताचा प्रसंग तर शाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. पण आपल्या परंपरेत पटाची दुसरी बाजूही आहे, आणि ती अधिक घरगुती आहे. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती द्यूत खेळत असल्याची शिल्पे आहेत. जेजुरीच्या खंडोबाची कथा तुम्ही वाघ्या-मुरळीच्या तोंडून ऐकलीच असेल. खंडोबा आणि म्हाळसा सारीपाट खेळायला बसले, देव हरला आणि त्याला बारा वर्षे घर सोडून राहावे लागले. त्या काळात तो बाणाईच्या घरी धनगराचा चाकर होऊन राहिला. कथा खरी की खोटी हा प्रश्न इथे नाही. ज्या लोकांनी ती रचली, त्यांच्या डोळ्यांपुढे नवराबायकोने समोरासमोर बसून डाव मांडणे आणि बायकोने तो जिंकणे, ही गोष्ट स्वाभाविक होती एवढे त्यातून निश्चित दिसते.

दगडातही पट सापडतात. नाशिकच्या पांडवलेण्यांत फरशीवर आणि ओट्यांवर खेळाच्या चौकटी आणि वाटीसारखे खळगे कोरलेले आढळतात. वाटसरू, पहारेकरी, व्यापारी अशी थांबून राहावे लागणारी माणसे जिथे थांबली, तिथे त्यांनी पट आखले. शिक्षकबंधूंनो, अर्नाळ्याच्या किल्ल्यावर सहल नेलीत तर मुलांना आतली अष्टकोनी विहीर दाखवा, त्र्यंबकेश्वराचे देऊळ आणि दर्गा दाखवा, आणि जाता जाता दगडी ओट्यांकडेही नीट पाहायला सांगा. शिपायाची तलवार संग्रहालयात जाते. त्याचा फावला वेळ मात्र असा एखाद्या ओट्यावर उमटून राहतो.

आता सारीपाटाकडे वळू. कापडाचा पट, फुलीच्या आकाराचा. चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यात तीन रांगा, प्रत्येक रांगेत आठ घरे; म्हणजे एका पट्ट्यात चोवीस आणि सगळी मिळून शहाण्णव. मधोमध एक मोठे घर. सोंगट्या सोळा, चार रंगांच्या. दान लांब फाशांनी किंवा कवड्यांनी. सोंगटी मधल्या घरातून निघते, आपल्या रांगेने खाली उतरते, सगळ्या पटाला फेरी घालते आणि पुन्हा आपल्या रांगेने घरी येते. अबुल फजलने आईन-ए-अकबरीत या खेळाचे वर्णन केले आहे, आणि फत्तेपूर सिक्रीच्या राजवाड्याच्या अंगणात फरशीतच बसवलेला भव्य पट आजही पाहायला मिळतो.

पण या खेळातली मुख्य गोष्ट वेगळीच आहे. चौघे बसत ते दोघे-दोघे म्हणून. समोरासमोर बसलेले एकमेकांचे भिडू. माझ्या चारही सोंगट्या घरी पोचल्या, पण भिडूच्या अडकून पडल्या, तर विजय नाही. दोघांच्या मिळून आठ सोंगट्या घरी आल्या तरच डाव जिंकला. त्यामुळे पुढे गेलेला खेळाडू कित्येकदा मुद्दाम मागे राही, भिडूची वाट मोकळी करी. आपले दान आपल्यासाठी खर्चायचे की त्याच्यासाठी, हा विचार प्रत्येक खेळीला करावा लागे. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या माणसांना हा हिशेब कोणी शिकवावा लागत नव्हता, नाही का?

दुसरा आपला पट म्हणजे मोक्षपट. हा ज्ञानदेवांनी रचला असे लोकांत सांगितले जाते. संग्रहांतून जे पट आज आढळतात ते बहुतांशी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. वैष्णवांचे पट बहुधा बहात्तर घरांचे, जैनांचे चौऱ्याऐंशी घरांचे, आणि मुसलमान सूफींच्या परंपरेतले शंभर घरांचे. म्हणजे एकच खेळ तीन धर्मपरंपरांनी आपापल्या भाषेत मांडला. खाली नरक आणि विकार, वर वैकुंठ किंवा मोक्ष. क्रोध, लोभ, मत्सर यांच्या घरात साप. दया, भक्ती, ज्ञान यांच्या घरात शिडी. आणि साप शिड्यांपेक्षा जास्त असत, कारण घसरणे सोपे आणि चढणे अवघड हे सर्वांनाच ठाऊक होते. या पटावर जिंकणे म्हणजे सुटणे. आणखी एक गोष्ट पाहा. इथे कोणी कोणाची सोंगटी मारीत नाही. शेजारी बसलेला माझा वैरी नाही. माझा वैरी माझ्या घरातला साप.

एकोणिसाव्या शतकात हे दोन्ही पट समुद्र ओलांडून गेले. पचीसीचे अमेरिकेत "पारचीसी" झाले. १८७४ साली तिथे त्या नावाची व्यापारी नोंदणी झाली. इंग्लंडात १८९६ साली त्याचेच "ल्यूडो" झाले. ल्यूडो हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ "मी खेळतो". कवड्या गेल्या, डबीत घालून हलवायचा चौकोनी फासा आला, कापडाऐवजी पुठ्ठा आला. हे बदल वरवरचे म्हणता येतील. पण एक बदल खोलवरचा झाला. भिडू गेला. ल्यूडोत चौघे चार दिशांना, प्रत्येकजण आपल्यापुरता. "मी खेळतो" हे नाव त्या बाबतीत अगदी चपखल बसले म्हणायचे!

मोक्षपटाचेही तसेच. १८९२ च्या सुमारास लंडनच्या बाजारात सापशिडी आली. सुरुवातीच्या इंग्रजी पटांवर गुणदोष होते, पण ते त्यांच्या काळाचे. काटकसर, उद्योग, पश्चात्ताप यांच्या शिड्या, आणि शिडीच्या टोकाला सुबत्ता आणि यश. पुढे साप आणि शिड्या यांची संख्या सारखी करण्यात आली. मग हळूहळू गुणदोषांची नावेही पुसली गेली आणि नुसते आकडे उरले. अमेरिकेत १९४३ साली तर सापच काढून त्यांच्या जागी मुलांच्या बागेतली घसरगुंडी घातली. अशा रीतीने आपल्याकडून जे गेले ते रंगीत पेटीत बंद होऊन परत आले, आणि आपल्या आज्यांनी ते नातवंडांना विलायती खेळ म्हणून विकत घेऊन दिले.

आता तिसरा पट. याच्याविषयी मला विशेष आस्थेने सांगायचे आहे. तुमच्या घरी व्यापाराचा खेळ असेल. कागदी नोटा, एक जण बँक, पटावर शहरांची किंवा मुंबईतल्या भागांची नावे. जागा विकत घ्यायची, तिच्यावर घर बांधायचे, आणि दुसरा तिथे आला की त्याच्याकडून भाडे वसूल करायचे. शेवटी एकाजवळ सगळे आणि बाकीचे कफल्लक. हा खेळ अमेरिकेतल्या "मोनोपॉली"वरून आला. मोनोपॉली म्हणजे मक्तेदारी. ती १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने बाजारात आणली, आणि चार्ल्स डॅरो नावाच्या गृहस्थाने ती शोधली असे कित्येक वर्षे सांगितले गेले.

खरी गोष्ट निराळी आहे. एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ साली "जमीनदाराचा खेळ" या नावाने एका पटाचे पेटंट घेतले होते. हेन्री जॉर्ज या अर्थशास्त्रज्ञाचे विचार त्यांना पटलेले होते. जॉर्जचे म्हणणे थोडक्यात असे: जमीन कोणी निर्माण केलेली नाही. तिची किंमत वाढते ती आजूबाजूला वस्ती, रस्ता, बाजार येतो म्हणून, म्हणजे सर्वांच्या श्रमाने. मग त्या वाढीचे उत्पन्न एकट्या मालकाच्या खिशात का जावे? ते सर्वांच्या कामी यावे. हेच लोकांना समजावे म्हणून मॅगीबाईंनी पट आखला. आपण व्यापार खेळताना आरंभाच्या घरावरून गेलो की पैसे मिळतात ना? ते का मिळतात हे मुलांना विचारा. कोणी सांगू शकणार नाही. मॅगीबाईंच्या पटावर ती मजुरी होती, जमिनीवर केलेल्या श्रमाची. पुढे त्यांच्या खेळाला नियमांचे दोन संच होते. एकात मक्तेदार सगळ्यांना बुडवतो. दुसऱ्यात जमिनीचे भाडे सार्वजनिक खजिन्यात जाते आणि सर्वांचीच भरभराट होते. दोन्ही खेळून पाहा आणि मग ठरवा, असा त्यांचा हेतू. पार्कर ब्रदर्सनी त्यांना पाचशे डॉलर देऊन पेटंट विकत घेतले. लोकांच्या घरी पोचला तो फक्त मक्तेदारीचा अर्धा भाग. मॅगीबाईंचे नाव १९७० नंतरच्या दशकात एका कोर्टकज्जाच्या निमित्ताने पुन्हा उजेडात आले.

हे मी अर्नाळ्याचे नाव घेऊन का सांगतो? कारण हा पट इथे ओटीवरही आहे आणि ओटीबाहेरही. अर्नाळ्याचे बेट गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे, त्यांच्याकडून मराठ्यांकडे आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे गेले. धनी बदलले, पण केळीच्या बागा आणि होड्या आपल्या जागी राहिल्या. आताचा बदल दुसऱ्या तऱ्हेचा आहे. लोकलने विरार मुंबईला जोडलेले, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झालेली, २०१४ साली पालघर जिल्हा झालेला. शहर वाढत वाढत वाड्यांच्या कुंपणापर्यंत आले आहे. जमिनीची किंमत वाढली ती काही मालकाने रात्रीतून केली नाही. रस्ता आला, रेल्वे आली, वस्ती आली म्हणून वाढली. हेन्री जॉर्ज म्हणत होता ते हेच. पटावर जागा विकली, डाव मोडला, तर सोंगट्या गोळा करून नवा डाव मांडता येतो. वाडी विकली की विहीर, झाडे आणि शेजार तिन्ही जातात, आणि तो डाव पुन्हा मांडता येत नाही. विकू नका असे सांगणारा मी कोण? ज्याच्या घरी लग्न आहे, आजार आहे, त्याची अडचण त्यालाच ठाऊक. परंतु मुलगा पटावर जमीन घ्यायला शिकतो त्याच वेळी जमिनीची किंमत कोण निर्माण करतो हेही त्याला कळले, तर उद्याचा हिशेब तो अधिक डोळसपणे करील.

पटाशी कोण बसते, हाही इतिहासाचाच प्रश्न. बुद्धिबळ हा पुरुषांचा खेळ अशी समजूत फार काळ होती. १९७४ साली भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली; पुढे जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनीही तो मान मिळवला. १९७६ साली रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा मोठा वाद झाला. तो जागतिक संघटनेपर्यंत गेला आणि तिचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. एका घरातल्या तिघी बहिणी राष्ट्रीय विजेत्या होतात याचा अर्थ सरळ आहे. त्या घरात पट मुलींसमोर मांडला गेला होता.

आणि आज? आज पट मोबाइलमध्ये गेला आहे. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा दूर अडकलेल्या नातेवाइकांनी फोनवर ल्यूडो मांडला, आणि त्याने बऱ्याच घरांना आधार दिला हे मान्य केले पाहिजे. पण त्याच फोनवर अनोळखी माणसाशी पैसे लावून खेळण्याचे दुकानही उघडले. कवडी पुन्हा एकदा फासाही झाली आणि पैसाही! अक्षसूक्तातला जुगारी ओळखेल अशीच ही गोष्ट. अखेर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. कायदा हवाच, पण कायदा पट काढून घेऊ शकतो, समोर भिडू आणून बसवू शकत नाही. ते काम घरच्यांचे.

समाधानाची गोष्ट अशी की जगातले नवे खेळ पुन्हा भिडूकडे वळत आहेत. जर्मनीत १९९५ साली क्लाउस टॉयबर यांचा "कटान" निघाला. त्यात धान्य, लाकूड, विटा यांची खेळाडूंना आपसात अदलाबदल करावी लागते, आणि शेवटापर्यंत कोणी खेळातून बाद होत नाही. २००८ साली आलेल्या "पँडेमिक"मध्ये तर सगळे खेळाडू एका बाजूला आणि रोगाच्या साथी दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींत हे खेळ आता ओळखीचे झाले आहेत. ते महाग असतात, त्यामुळे प्रत्येक घरी येतील असे नाही. पण त्यातली कल्पना फुकट आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे. सारीपाट दुसरे काय सांगत होता?

म्हणून शेवटी दोन-तीन सोप्या गोष्टी सुचवतो. घरी ल्यूडो असेल तर समोरासमोरच्या दोघांना भिडू करा. आठ सोंगट्या घरी आल्याशिवाय विजय नाही असा नियम ठेवा. आजीला आणि नातवाला एका बाजूला बसवा म्हणजे खेळाची खुमारी वाढेल. व्यापार असेल तर एक डाव नेहमीसारखा खेळा आणि दुसरा डाव असा खेळा की निम्मे भाडे मधल्या सामाईक पेटीत जाईल आणि दर फेरीला ते सर्वांत सारखे वाटले जाईल. गुरुजींनो, दोन्ही डावांनंतर मुलांना पाटीवर लिहायला सांगा: कोणाकडे किती उरले, आणि कोण मध्येच उठून गेले? अर्थशास्त्राचा आणि नागरिकशास्त्राचा एक अख्खा तास त्यातून निघेल. आणि गावातल्या वृद्ध माणसांकडून त्यांच्या लहानपणचे पट, वाघबकरीचा असो वा कवड्यांचा, मुलांच्या वहीत काढून घ्या. नियमांसकट, आणि ते कोणाबरोबर खेळत होते त्यांच्या नावांसकट. दगडावरच्या चौकटी सापडतात, पण त्यांचे नियम बहुधा सापडत नाहीत, कारण ते सांगणारे माणूस गेले आणि कोणी विचारून ठेवले नाही. तुमच्या गावात ते माणूस अजून असेल. यंदाचा पाऊस संपायच्या आत त्याच्याकडे जा.